दप्तराचं बिल मिळतं, ताईचं मिळत नाही

मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा होता. ठाण्याच्या लोकमान्य नगरातल्या एका समाजमंदिरात दप्तरवाटप चाललं होतं. निळी दप्तरं, प्रत्येकावर कंपनीचं बोधचिन्ह, मागे फ्लेक्स, पुढे पाहुण्यांसाठी खुर्च्यांची एक रांग. मुलांची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. शेजारी उभ्या असलेल्या एका आईने मला विचारलं, "काका, आत्ता कशाला देतायत? जूनमध्ये द्यायची ना. तोवर हा त्याची पार गोणी करून टाकेल."

बाईंचं काही चुकत नव्हतं. उत्तर मला ठाऊक होतं, पण तिला देण्यासारखं नव्हतं. दप्तरं मार्चमध्ये येतात कारण कंपन्यांचं वर्ष मार्चमध्ये संपतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, जिची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक आहे अशा कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. सगळे ज्याला सीएसआर म्हणतात ते हेच. हा पैसा खर्च झाला नाही तर ठरावीक मुदतीत तो वेगळ्या खात्यात, नाहीतर सरकारच्या निधीत टाकावा लागतो. त्यामुळे फेब्रुवारी उलटला की संस्थांचे फोन वाजायला लागतात. "पंधरा दिवसांत काय करता येईल?" पंधरा दिवसांत दप्तरं वाटता येतात. तीच वाटली जातात.

मी हिशेबातला माणूस आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात माझी सगळी नोकरी गेली. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे वागळे इस्टेट. तिथल्या भोंग्यांवर किसन नगर, सावरकर नगर, लोकमान्य नगर या वस्त्या उठायच्या आणि झोपायच्या. कारखाने एकेक करून गेले. त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, बाजूच्या घोडबंदर रोडवर मनोरे आले. वस्त्या आहेत तिथेच आहेत. बापाची कायम नोकरी गेली आणि मुलाच्या वाट्याला ठेकेदार आला, एवढाच फरक. निवृत्तीनंतर ओळखीतून ठाणे आणि नवी मुंबईतल्या चार-पाच लहान संस्थांच्या किर्द-खतावण्या माझ्याकडे आल्या. त्या लिहिता लिहिता जे लक्षात आलं ते इथे मांडतो आहे. शहरातल्या अडलेल्या कुटुंबांना उभं करण्याचं खरं काम ज्या एका गोष्टीने होतं, नेमक्या तिलाच आपण पैसे देत नाही. ती गोष्ट म्हणजे वस्तीत रोज येणारी, वर्षानुवर्षं टिकणारी, पगार घेणारी ताई.

ताई म्हणजे कोण? संस्थेच्या कागदावर ती ‘क्षेत्र कार्यकर्ती’ असते. वस्तीत तिला कुणी त्या नावाने ओळखत नाही. संध्याकाळी अभ्यासिका उघडणारी, खाऊच्या पातेल्यावर लक्ष ठेवणारी, म्हणून तिची ओळख असते. ते काम दिसतं, त्याचे फोटो निघतात. जे दिसत नाही ते सकाळी आणि दुपारी चालतं. एका ताईची एका वर्षाची वही मी वाचली. प्रवासखर्चाची व्हाउचरं जुळवायची होती म्हणून वाचायला घेतली, आणि वाचतच राहिलो.

एका मुलाला आठवीनंतर शाळेत जायचं नव्हतं. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, पण त्याची हमी सहा ते चौदा वर्षांपुरती, म्हणजे आठवीपर्यंत. महापालिकेच्या बऱ्याच शाळाही सातवी-आठवीला संपतात. नववीला नवी शाळा, नवी फी, दूरचा रस्ता, आणि वस्तीतली मुलं नेमकी तिथेच गळतात. हा मुलगा गळलाच. गॅरेजवर लागला. ताई त्याच्याकडे दर आठवड्याला जात राहिली, दीड वर्ष. मग त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, शाळा सुटलेल्या मुलाला बाहेरून दहावीला बसायचं तर हा फॉर्म लागतो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागला, तो आणायला ताईच्या तीन फेऱ्या झाल्या. आडनाव आधार कार्डावर एक आणि दाखल्यावर दुसरं, त्यापायी आणखी चार. पोरगा पहिल्या खेपेला गणितात गेला. दुसऱ्या खेपेला सुटला. प्रकल्पाच्या अहवालात तो कुठेच नाही, कारण तो ज्या प्रकल्पात ‘लाभार्थी’ होता तो प्रकल्प मधल्या मार्चमध्ये संपला होता.

दुसरी नोंद जातीच्या दाखल्याची. मुलगी हुशार, शिष्यवृत्तीला पात्र, पण दाखला नाही. कुटुंब भटक्या जमातीतलं. त्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १९५० मधली, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता ज्याचा आजोबा दुष्काळात गाव सोडून खडी फोडायला आला, ज्याने शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या नातीने १९६१ पूर्वीचा कागद आणायचा कुठून? गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीतून, म्हणजे कोतवाल बुकातून. ताईने बापाला सोबत घेतलं आणि एसटीने गाव गाठलं. पहिल्या फेरीत साहेब रजेवर. दुसऱ्या फेरीत नोंद सापडली, पण पणजोबांची, आणि नाव घरात हाक मारायचे ते. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. मुलगी आज नर्सिंगला आहे. त्या दोन फेऱ्यांचं एसटी भाडं कुठल्या हेडखाली घालायचं यावरून माझ्यात आणि संस्थेच्या हिशेब तपासनिसांत अर्धा तास वाद झाला. अखेर ‘किरकोळ’मध्ये घातलं.

तिसरी नोंद शिधापत्रिकेची आहे, आणि ती वाचून मला थोडा रागच आला. ‘प्राधान्य कुटुंबा’त येऊन माणशी ५ किलो धान्य मिळवायचं तर शहरातल्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याचे पाच हजारही होत नाहीत. ठाण्यात एखादी बाई चार घरची धुणीभांडी करत असेल तर तिच्या एकटीच्या कमाईने ही मर्यादा ओलांडते. सरळमार्गी बाई खरं उत्पन्न लिहून धान्याला मुकते, आणि सगळ्यांनाच खोटं लिहायची सवय लागते. त्यातून उत्पन्नात बसलंच कुणी तर ‘इष्टांक भरला’, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं याचा ठरलेला आकडा संपला, असं ऐकायला मिळतं. हा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. तेव्हा ठाणे शहर १८ लाखांचं होतं आणि नवी मुंबई ११ लाखांची. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. मधल्या काळात जन्मलेली मुलं दहावीला पोचली. अशा वेळी ताई काय करते? दर महिन्याला जाऊन विचारते. कुणाचं नाव कमी झालं, कोण गावी गेलं, जागा झाली का. याला पाठपुरावा म्हणतात. त्याचा फोटो काढता येत नाही.

अशा नोंदी वहीभर आहेत. नवरा वारलेल्या बाईच्या दोन मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज (दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, गृहभेट, बालकल्याण समिती, बँकेचं खातं, असं सगळं पार पडलं तर). लाडकी बहीणचं ई-केवायसी करताना अडकलेल्या बायका. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात महाविद्यालयांचा पसंतीक्रम उलटा भरून बसलेला मुलगा. कुठली संस्था प्रस्ताव लिहिताना ‘पसंतीक्रम सरळ करणे’ असं उद्दिष्ट लिहील?

हे झालं ठाण्याचं. नवी मुंबईत प्रकार थोडा वेगळा. हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, १९७० चं. शहर आधी कागदावर आलं आणि मग जमिनीवर. सेक्टर, नाले, शाळांचे भूखंड, उद्यानांचे भूखंड, सगळं आखलेलं. ज्यांनी ते बांधलं त्यांच्यासाठी मात्र त्या आराखड्यात भूखंड नव्हता. ते दिघ्याला, इलठणपाड्याला, तुर्भे स्टोअरला डोंगराच्या कडेने राहिले. दिघ्याकडच्या वस्तीत काम करणारी एक ताई म्हणते, "काका, इथे जमीन एमआयडीसीची आणि मतदार महापालिकेचे. नळाचं विचारायला गेलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात." तिच्या वस्तीतल्या मुली ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये कामाला जातात, हाउसकीपिंगला. ज्या कंपन्यांच्या फरशा त्या पुसतात त्यांतल्याच एखादीचं निळं दप्तर त्यांच्या धाकट्या भावाच्या पाठीवर असू शकतं. मला या चित्रात काही कारस्थान दिसत नाही. फक्त विचारावंसं वाटतं, त्या मुलीला बारावीनंतर पुढचा रस्ता दाखवणारं माणूस वस्तीत ठेवायला कंपनीला दप्तरांपेक्षा जास्त पैसे पडले असते का?

पडले नसते. तरी देत नाहीत. याचं कारण विचारलं की देणगीदार एक आकडा तोंडावर फेकतात. "पगार हा प्रशासकीय खर्च आहे, आणि कायद्याने पाच टक्क्यांच्या वर जाता येत नाही." मी नियम नीट वाचले आहेत. २०२१ च्या दुरुस्तीत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर करायच्या खर्चाला आहे. एखादा प्रकल्प राबवण्यासाठी, त्यावर देखरेख ठेवण्यासाठी थेट होणारा खर्च तिच्यात धरायचाच नाही, असं व्याख्येतच म्हटलं आहे. अभ्यासिका चालवणाऱ्या ताईचा पगार हा अभ्यासिकेचा खर्च आहे, जशी भाजीवाल्याची भाजी हा त्याच्या धंद्याचा खर्च. तरी संस्थांकडे येणाऱ्या करारनाम्यांत ‘मानधन व प्रशासन, एकूण मिळून ५ टक्के’ असं सर्रास छापलेलं असतं. बरं, तोच कायदा चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं देतो, म्हणजे चार वर्षांची हमी देता येते. किती कंपन्या देतात? माझ्याकडच्या किर्दींत मला दोन सापडल्या.

परदेशी देणगीचं दार वेगळं. त्या देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने तिथे प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. आणि मोठ्या संस्थेने घेतलेल्या परदेशी पैशातला वाटा वस्तीतल्या लहान संस्थेला देणं बंद केलं. आपल्या विषयापुरता परिणाम एवढाच की लहान संस्था आता मार्चच्या फोनवर आणखीच अवलंबून राहिल्या.

सरकारचाही कल वस्तूंकडेच आहे, त्यात कंपन्यांना वेगळं काढून दोष द्यायला नको. १९९६ च्या कायद्याने इमारत बांधणाऱ्याकडून बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर घ्यायला सुरुवात झाली आणि तो बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाकडे जमा होतो. घोडबंदर आणि पाम बीच रोडकडे नुसतं पाहिलं तरी हा पैसा किती असेल याची कल्पना यावी. त्यातून कामगारांना गाजावाजा करून काय मिळालं? भांड्यांचा संच. कुकर, परात, डबे. संच वाईट नाही, आमच्याकडे येणाऱ्या एका बाईने तो जपून माळ्यावर ठेवला आहे, मुलीच्या लग्नासाठी. पण त्याच मंडळाच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज भरायचा, नव्वद दिवसांच्या कामाचं प्रमाणपत्र ठेकेदाराकडून मिळवायचं, तर नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मदतीला कोण आहे? एजंट आहे. त्याचे पैसे त्यालाच द्यावे लागतात. म्हणजे पगार कुणीतरी देतच असतं. तो गरिबाच्या खिशातून जातो इतकंच.

अंगणवाडी हे याहून बोलकं उदाहरण, आणि ते आपल्याच भागातलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ पाड्यावर गेल्या आणि शाळा अंगणात भरवली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. एका संस्थेचा प्रयोग सरकारने उचलणं, याहून मोठं यश कुठल्या संस्थेला मिळणार? पण सरकारने अंगण उचललं आणि बाई मात्र ‘मानधनी’ ठेवली. अर्धं शतक झालं, अंगणवाडी सेविकेला अजून वेतन नाही, मानधन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा तो ५० हून अधिक दिवस चालला. मानधन या शब्दाचा मला अलीकडे फार राग येतो. त्यात मान कमी आणि धनही कमी.

इथे काही जुने कार्यकर्ते माझ्यावर चिडतील. "पगार घेऊन समाजकार्य? आम्ही घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजल्या." भाजल्या, मान्य आहे, आणि त्या भाकऱ्यांवर या राज्यातली निम्मी चळवळ उभी राहिली. पण ज्यांच्या घरी खायला होतं तेच हे करू शकले, हेही लक्षात घ्या. बिनपगारी काम करायचं तर घरात दुसरा पगार लागतो. म्हणजे ताई नेहमी नौपाड्यासारख्या सुखवस्तू भागातून किंवा वाशीच्या सेक्टरमधून येणार, आणि वस्तीतली मुलगी नेहमी लाभार्थी राहणार. कोतवाल बुक शोधायला गेलेली ती ताई त्याच वस्तीतली, बारावी झालेली. कुठला अधिकारी कुठल्या वारी जागेवर असतो हे तिला माहीत असतं आणि कोणाच्या घरी कधी जाऊ नये हेही. हे ज्ञान नौपाड्यातून येणार नाही, मी वस्तीत जायला लागून पुष्कळ वर्षं झाली तरी मला आलेलं नाही. तिला पगार दिला नाही तर ती मॉलमध्ये काउंटरवर बसेल. बसायलाच हवं, तिच्या घरी दोन भावंडं आहेत.

शिवाय त्यागाची आपली परंपरा बिनपगारी होती हेही पूर्ण खरं नाही. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बेताच्या पण ठरलेल्या वेतनावर वीस वर्षांची हमी देऊन राहायचे. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदांच्या घरखर्चाची सोय संस्थेनेच केली होती. कमी पगार, पण नक्की आणि दीर्घ मुदतीचा. आपण आज यातला ‘कमी’ तेवढा उचलला आहे.

आणि काही संस्थापक या त्यागाच्या आड सोयीने लपतात, तेही सांगून टाकतो. मी ज्यांचे हिशेब पाहतो त्यांत ताईचं मानधन महिन्याला आठ ते बारा हजारांच्या घरात आहे. त्यातल्याच एका संस्थेने वार्षिक मेळाव्याच्या मंडपावर आणि जेवणावळीवर दोन तायांचा वर्षभराचा पगार उडवला. विचारलं तर म्हणाले, "देणगीदारांना दिसायला हवं ना काही." दिसलं. पुढल्या वर्षी दोघींपैकी एक सोडून गेली.

दुसरा आक्षेप अप्रामाणिकपणाचा. पगाराला पैसे दिले की खाल्ले जातात, वस्तू दिली की डोळ्यांना दिसते. वरवर पटणारं आहे. पण माझा अनुभव नेमका उलटा आहे. दप्तराचं खोटं बिल करणं ही डाव्या हाताची गोष्ट. एकाच दिवशीच्या दोनशे समोशांचं बिल तीन कार्यक्रमांना लावलेलं मी पाहिलं आहे, तेही तिन्ही वेळा चटणीसकट. ताई खोटी आहे की खरी हे शोधायला मात्र ऑडिटर लागत नाही. गल्लीत जायचं आणि कुठल्याही दारात विचारायचं, "ताई शेवटची कधी आली होती?" उत्तर तिथल्या तिथे मिळतं. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेबपत्रकं सादर करावी लागतात, ती जरूर बघा. मंडळावर कोण आहे, त्यातल्या बदलांची नोंद करायचे बदल अर्ज किती वर्षं पडून आहेत तेही बघा. पण एकच प्रश्न विचारायचा असेल तर ‘लाभार्थी किती’ हा विचारू नका. पाच वर्षांपूर्वी इथे काम करणारी किती माणसं आजही इथे आहेत, हे विचारा. २०२० च्या टाळेबंदीत कोण उपाशी आहे याची यादी एका रात्रीत कुणाकडे तयार होती? ज्यांची माणसं टिकली होती त्यांच्याकडे.

टिकून राहण्याचं महत्त्व ठाण्यात कुणाला सांगायला नको. आपल्याकडे शाखा आहे. कुठल्या पक्षाची हा प्रश्न सोडा. शाखा बारा महिने उघडी असते. रात्री दोनला रुग्णवाहिका लागली, कुणाच्या घरी मयत झाली, पोराला पोलिसांनी उचललं, तर वस्ती आधी तिथे जाते. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना तिथे बसायला जागा आहे, नावाने हाक मारणारा माणूस आहे, गोपाळकाल्याला थरावर उभं राहायला खांदे आहेत. संस्थांच्या बैठकांत तरुणांना ‘दिशा’ देण्याची चर्चा चालते तेव्हा मला हसू येतं. प्रकल्प अठरा महिन्यांचा, शाखा चाळीस वर्षांची. पोरगा कुठे जाईल? शाखेने घेतलेल्या त्या पोराचा पुढे काय उपयोग होतो हा वेगळ्या लेखाचा विषय. पण ती तिथे आहे, आणि आपण नाही.

ज्या ठिकाणी संस्था तशाच ठाण मांडून राहिल्या तिथे काय होतं, हेही या शहरांनी पाहिलं आहे. तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने महापालिकेला बरोबर घेऊन कंटेनरमध्ये सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलवर गजरे आणि पेनं विकणारी मुलं, बहुतेक मराठवाड्यातून आलेल्या पारधी कुटुंबांतली. २०१८ मध्ये त्यांतली दोन मुलं दहावी उत्तीर्ण झाली. बातमी कंटेनरची झाली, कारण कंटेनर दिसतो. मला विचाराल तर शाळा कंटेनरने चालत नाही. आज मूल आलं नाही म्हटल्यावर नाका ओलांडून त्याच्या आईला शोधणाऱ्या माणसाने चालते. समता विचार प्रसारक संस्था आणि नाटककार रत्नाकर मतकरी यांनी वस्त्यांतल्या मुलांचा ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, त्यातही पडदा आणि दिवे हा किरकोळ खर्च. तालमीला पोरं रोज जमवणं हा मोठा. आणि मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेच्या मुली फुटबॉल खेळल्या. चेंडूला किती पैसे लागतात? मुलीला मैदानावर पाठवायला घरच्यांना तयार करायला किती लागतात, ते विचारा.

"मग सरकारने करावं, संस्थांनी ठिगळं कशाला लावायची?" हा तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. दयेपेक्षा हक्क बरा, हे नवी मुंबईला शिकवायला नको. एपीएमसीत पोती उचलणाऱ्या माणसामागे १९६९ चा माथाडी कायदा आहे. व्यापाऱ्याने मजुरीवर लेव्ही भरायची, ती मंडळात जमा होते, तिच्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. कोपरखैरण्यातल्या माथाड्याच्या मुलाला कुणाचं निळं दप्तर घ्यावं लागलं नाही. याउलट घरकामगार बायकांसाठी २००८ चा मंडळाचा कायदा आहे, पण माथाड्यांसारखी मालकावरची लेव्ही त्यात नाही. अडलं तिथेच. तेव्हा कायदा हवा, लेव्ही हवी, नववी-दहावीची हमी हवी, हे सगळं कबूल. पण माथाडी कायदा आपोआप आला नाही. तो अण्णासाहेब पाटलांसारख्या, स्वतः हमाली केलेल्या माणसाने टोळ्याटोळ्यांतून फिरून, वर्षानुवर्षं संघटना बांधून आणला. म्हणजे हक्कापर्यंत जायलाही आतलं, टिकणारं माणूस लागतंच. आणि कायदा झाल्यावर त्याचा फॉर्म भरून द्यायलाही.

टिकणारं माणूस वस्तीत कधी कधी ठाणेदार होतं, हेही नजरेआड करून चालणार नाही. दहा वर्षं एकाच गल्लीत काम केलेली एखादी ताई कुणाला दाखला लवकर मिळवून द्यायचा हे मनाने ठरवायला लागते. मी असं एक उदाहरण पाहिलं, संस्थेने तिला दुसऱ्या वस्तीत पाठवलं, ती रुसली, आणि तिच्यामागे अर्धी गल्ली रुसली. यावर देखरेख हवी. पण माणसं बिघडतात म्हणून दप्तरं वाटू या, हा त्यावरचा उपाय कसा?

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ब्लँकेटवाटपाचा विषय निघाला. दरवर्षी निघतो. ठाण्यात थंडी किती पडते हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी उठून हिशेब मांडला. आमची १८४ घरं आहेत. घरटी महिन्याला ११० रुपये काढले तर वीस हजारांच्या वर जमतात, एका ताईचा बरा पगार होतो. सोसायटीच्या निधीतून नको, ज्याच्या त्याच्या खिशातून, आणि पाच वर्षांसाठी. थोडा वेळ शांतता होती. मग एकांनी विचारलं, "ती रोज किती वाजता येणार?" त्यांना वाटलं, ती आमच्या आवारात कामाला येणार आहे. दुसरे म्हणाले, ब्लँकेटांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकता येतो, याचं काय टाकायचं? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, वहीतलं एक पान टाकत जाईन, नावं झाकून.

सतरा घरं तयार झाली. महिन्याला १,८७० रुपये येतात. बाकीचे संस्था कुठून कुठून जमवते, आणि तेही पुरत नाहीत म्हणून ताई सकाळी दोन शिकवण्या घेते. मे महिन्यात हिशेब तपासनिसांकडे खतावणी गेली, तेव्हा त्यांनी ‘ताईचा पगार’ या हेडवर पेन्सिलने गोल करून पाठवला आणि खाली लिहिलं, असं हेड नसतं, प्रशासकीय खर्चात घ्या. मी खोडरबर घेतलं, गोल पुसला, आणि वही तशीच परत पाठवली.